बोर्डिंगच्या सभागृहात एक चित्रपट दाखवावा : विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील सर्व समाजांच्या बोर्डिंगांचे विश्वस्त
आणि वधू-वर मेळाव्यांचे संयोजक यांस

विषय : मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी ‘मिसिसिपी मसाला’ हा चित्रपट पालकांसाठी दाखवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की आपापल्या समाजाच्या सभागृहांतून वधू-वर परिचय मेळाव्यांची लगबग सुरू होते. अशा मेळाव्यांत नोंदणीच्या टेबलावर बसून फॉर्म तपासून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, आणि त्याच नात्याने आपल्याला एक विनंती करते. या वर्षी मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याच सभागृहात, मीरा नायर यांचा १९९१ सालचा ‘मिसिसिपी मसाला’ हा चित्रपट दाखवावा. आमंत्रण पालकांना द्यावे. मुलामुलींना यायचे असेल तर मज्जाव नको. पण पुढच्या रांगा आईवडील, मामा-काका आणि स्थळे सुचवणारी अनुभवी मंडळी यांच्यासाठी राखून ठेवाव्यात.

चित्रपट नवा नाही आणि आपल्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. त्याची पटकथा सूनी तारापोरवाला यांची असून १९९१ च्या व्हेनिस महोत्सवात तिला पारितोषिक मिळाले होते. काळा नायक आणि भारतीय नायिका यांची प्रेमकथा अशीच त्याची ओळख सगळीकडे झाली, कारण नायक डेन्झेल वॉशिंग्टन होता आणि अशी जोडी तेव्हा पडद्यावर क्वचितच दिसत असे. भांडवल उभे करताना मुख्य भूमिकेत एखादा गोरा माणूस घालता येणार नाही का, अशी विचारणा आपल्याकडे झाली होती, हे नायर यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. माझ्या मते मात्र हा चित्रपट प्रेमिकांचा कमी आणि मुलीच्या बापाचा जास्त आहे, आणि म्हणूनच हे पत्र मी महाविद्यालयांच्या सांस्कृतिक मंडळांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

त्या बापाचे नाव जय. तो युगांडात जन्मलेला वकील आहे. युगांडातील भारतीयांची वस्ती ही मुख्यतः इंग्रजी अमलाची निर्मिती. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकण्यासाठी ३०,००० हून अधिक मजूर हिंदुस्थानातून, बहुतांशी पंजाबातून, नेले गेले. त्यांतले बहुतेक परतले, थोडे तिथेच राहिले आणि रुळांच्या मागोमाग गुजराती दुकानदार आतल्या मुलखात सरकत गेले. दोन-तीन पिढ्यांत कापूस, साखर आणि बाजारपेठेतला मोठा व्यवहार त्यांच्या हाती आला. वर इंग्रज, मध्ये हिंदी आणि खाली आफ्रिकी अशी ती उतरंड होती, आणि मधल्या पायरीवरच्यांनी खालच्या पायरीशी धंदा केला, नोकरचाकर ठेवले, पण सोयरीक जवळजवळ कधीच केली नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम काढला. घरे, दुकाने, बँकेतले पैसे जागच्या जागी राहिले. सुमारे २७-२८ हजार माणसे ब्रिटनमध्ये गेली, काही हजार कॅनडात, तर बाकीची भारतात आणि जिथे थारा मिळाला तिथे पांगली.

चित्रपटात जय अमीनविरुद्ध उघड बोलतो आणि पकडला जातो. त्याचा लहानपणापासूनचा मित्र ओकेलो, हा काळा आफ्रिकी शिक्षक, त्याला सोडवून आणतो, आणि मग तोच त्याला सांगतो की आफ्रिका आता आफ्रिकी माणसांची, काळ्या माणसांची आहे. जयला अमीनच्या हुकुमापेक्षा हे बोलणे जास्त लागते. निघायच्या दिवशी ओकेलो दारात उभा असताना तो मित्राचा निरोपही धड घेत नाही. जयची सहा वर्षांची मुलगी मीना मात्र ओकेलोकाकाला सोडायला तयार नसते. आपल्या सभागृहात हा प्रसंग चालू असताना मी पडद्याकडे न पाहता प्रेक्षकांकडे पाहणार आहे, कारण इथे प्रत्येक जण जयच्या बाजूचा असतो आणि तसे असणे रास्तच आहे. ज्याचे काही चुकलेले नाही, त्याला त्याच्या कातडीच्या रंगावरून घराबाहेर काढले जात आहे.

इंग्लंडमार्गे हे कुटुंब अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवूड गावी, नातेवाइकांच्या मोटेलात येऊन पडते. साल १९९०. ग्रीनवूड हा कपाशीचा मुलूख. गुलामांच्या वंशजांची दाट वस्ती असलेला. ‘ब्लॅक पॉवर’, म्हणजे काळ्यांची सत्ता, ही घोषणा काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या स्टोकली कारमायकेलने १९६६ साली इथल्याच सभेत गाजवली होती. रस्त्याकडेची मोटेले चालवण्याचा धंदा भारतीयांनी, विशेषतः गुजरात्यांनी, अमेरिकेत कसा हाती घेतला हे आपल्याला ठाऊकच आहे : घरचीच माणसे राबतात, मागच्या खोलीत संसार असतो, भावकीतून पैसा उभा राहतो आणि एकाच्या आधाराने दुसरा येतो. जयची बायको किन्नू काळ्यांच्या वस्तीत दारूचे दुकान चालवते. ही भूमिका शर्मिला टागोर यांनी इतक्या कमी शब्दांत उभी केली आहे, की त्यांच्या गाजलेल्या भूमिकांपेक्षा मला हीच जास्त जवळची वाटते. चोवीस वर्षांची मीना मोटेलची न्हाणीघरे धुते. जय मात्र युगांडाची राजधानी कंपाला इथल्या सरकारला अर्जावर अर्ज पाठवतो, जप्त झालेले घर परत मागतो आणि मनाने अजून तिथेच राहतो.

मीनाच्या हातून गाडीची धडक बसते ती डेमेट्रियसच्या व्हॅनला. हा गालिचे धुण्याचा छोटा धंदा करणारा काळा तरुण आहे. बँकेचे कर्ज डोक्यावर असलेला, म्हाताऱ्या बापाला जपणारा, कष्टाळू आणि स्वाभिमानी. आपल्या मेळाव्यात ‘मुलगा निर्व्यसनी, स्वतःचा व्यवसाय’ असे ज्याच्याबद्दल कौतुकाने वाचून दाखवले गेले असते, असा हा मुलगा आहे. धडक बसल्यावर मोटेलवाल्यांना भीती वाटते ती कोर्टकचेरीची, आणि म्हणून त्यांच्यातला एक जण डेमेट्रियसशी गळ्यात गळा घालू लागतो : आपण सारे गोरे नसलेले लोक, आपण एकत्र राहिले पाहिजे. पुढे बिलॉक्सीच्या एका मोटेलात मीना आणि डेमेट्रियस एकत्र सापडतात, हाणामारी होते, पोलीस येतात, गावभर बोभाटा होतो आणि हाच बंधुभाव एका रात्रीत विरून जातो. भारतीय मोटेलवाले डेमेट्रियसची कामे काढून घेतात. गोऱ्यांची बँक कर्जाचा तगादा लावते. त्याच्याच समाजातले लोकही त्याला बोल लावतात. तीन समाजांचे एकमेकांशी कशावरच पटत नाही. या एका गोष्टीवर मात्र तिघांचे न बोलता एकमत होते.

याच चित्रपटात एका लग्नाच्या मांडवात दोन बायका मीनाबद्दल कुजबुजतात. मुलगी सावळी असून घरचा पैसा असेल तर जमते, पैसा नसून ती गोरी असेल तरी जमते. पण रंगही नाही आणि पैसाही नाही, मग असल्या चांगल्या स्थळाची आशा तिने धरावी तरी कशी, असा त्यांच्या बोलण्याचा सूर असतो. हे ऐकून आपले प्रेक्षक हसतील. हसू द्यावे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सभागृहात माझ्या टेबलावर जो फॉर्म असेल त्याचे रकाने असे आहेत : नाव, जन्मवेळ, उंची, रंग, शिक्षण, वार्षिक उत्पन्न, पोटजात, देवक, मामाचे आडनाव, अपेक्षा. रंगापुढे कंसात चार पर्याय छापलेले असतात – गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा – आणि मुलींच्या फॉर्मवर सावळ्यापुढे खूण क्वचितच दिसते, कारण गव्हाळ या पर्यायात सारे काही बसते. एकदा एक आई समोरच्या खुर्चीवर बसून मुलाची अपेक्षा मला लिहायला सांगत होत्या. “सावळी असली तरी चालंल ओ, शिक्षान बी कमी असू द्या, पर आपल्यातलीच पायजे,” असे म्हणून त्या थोड्या थांबल्या, मुलाकडे पाहिले आणि पुढे म्हणाल्या, “आनि ल्हिवा की, परदेशातली बी चालंल.” मुलगा खाली मान घालून मोबाइल चाळत होता. त्या बाईंना मी दोष देत नाही. समाजाने जे रकाने छापले, ते त्यांनी भरले.

आता जयकडे परत येते, कारण माझे सारे म्हणणे त्याच्यापाशीच येऊन थांबते. डेमेट्रियस मोटेलात येऊन त्याला जाब विचारतो. तुम्ही इथे परके म्हणून आलात, आमच्यासारखेच राबलात आणि आल्याबरोबर गोऱ्यांसारखे वागायला शिकलात, अशा आशयाचे तो बोलतो आणि स्वतःच्या गालाकडे बोट दाखवून सांगतो की तुमच्या आणि माझ्या रंगात दोन-चार छटांचेच काय ते अंतर आहे. जयकडे याला उत्तर नसते. मुलीला तो आपली खरी कहाणी सांगतो, ती युगांडाची. माणसे शेवटी आपल्याच माणसांना धरून राहतात, हे मी अनुभवले आहे, असे सांगतो. तो खोटे बोलत नाही. ज्याला रंगावरून हाकलले गेले, तो त्याच अनुभवाचा दाखला देऊन रंगावरूनच दुसऱ्याला दाराबाहेर ठेवतो, आणि हे करताना आपण अन्याय करत आहोत असे त्याला क्षणभरही वाटत नाही, कारण त्याच्या हिशेबात तो अजून पीडितच आहे. आपल्या समाजांच्या बैठकांतून मी हा हिशेब अनेकदा ऐकला आहे. आपण संख्येने थोडे, आपल्यावर पूर्वी अन्याय झाला, आपली मुले बाहेर गेली तर उरणार काय, हे म्हणणे प्रत्येक बोर्डिंगच्या सभागृहात जवळजवळ त्याच शब्दांत होत असते. फक्त पूर्वी अन्याय कोणी केला, याचे उत्तर सभागृहागणिक बदलते.

परदेशातल्या स्थलांतरितांची गोष्ट कोल्हापूरकरांनी का पाहावी, असे विचारले जाईल. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या छावण्यांतून सुटून आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना, त्यांत बहुतांशी बायका-मुलांना, १९४३ पासून १९४८ पर्यंत वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, जिथे ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी फुले वाहिली. पोलिश मंडळी गेल्यावर त्याच छावणीत फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबे राहिली आणि आज ते गांधीनगर आहे, जिथून आपण लग्नाचा बस्ता घाऊक भावात बांधून आणतो. गुजरीतल्या माडीवर दागिने घडवणारे कितीतरी कारागीर बंगाली आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमध्ये बिहार-उत्तर प्रदेशची माणसे भट्टीपुढे उभी आहेत, इचलकरंजीच्या मागांवरही तेच. यांच्याबरोबर आपण जेवतो, धंदा करतो, गणपतीची वर्गणी घेतो. त्यांच्या घरातली मुलगी किंवा मुलगा आपल्या घरात येण्याचा प्रश्न निघाला की आपण जय होतो. आणि आपलीच मुले जर्मनीला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला गेली की तिथल्या लोकांनी त्यांना आपले मानावे अशी आपली अपेक्षा असते.

राहिला बोर्डिंगांचा प्रश्न. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे एकत्र वसतिगृह काढून पाहिले होते आणि ते व्यवहारात एकाच जातीचे होऊन बसले, तेव्हा त्यांनी जातवार वसतिगृहांचा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोराला शहरात दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळावे, म्हणजे तो शिकेल, एवढ्यासाठी हा खटाटोप होता. त्यातून जातींचे गड बांधायचे नव्हते. आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा १९१९ साली संस्थानात करणारा हाच राजा होता. तुलना म्हणून सांगते : मिसिसिपी राज्याच्या १८९० च्या घटनेत गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावर बंदी होती, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सारे कायदे १९६७ मध्ये रद्द ठरवले आणि तरीही ते कलम राज्याच्या घटनेतून काढून टाकायला १९८७ साल उजाडावे लागले. बंदी गोऱ्या-काळ्यांपुरती होती, त्यामुळे मीना आणि डेमेट्रियस यांना ती लागूच झाली नसती. त्यांना अडवायला कायदा लागला नाही, नातेवाईक पुरेसे झाले. आपल्याकडेही १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा आहे, आंतरजातीय जोडप्यांना शासनाचे अनुदान आहे. तरीही विशेष विवाहासाठी नोंदणी कार्यालयात जी ३० दिवसांची नोटीस लागते, तिचा फोटो समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरायला एक दिवसही पुरतो, आणि तो फिरवणारे हात बहुधा याच सभागृहात खुर्च्या मांडणारे असतात.

काही आक्षेप मला आधीच ऐकू येत आहेत. चित्रपट पाहून मुली पळून जातील, हा पहिला. त्याला माझे उत्तर एवढेच, की ज्यांना जायचे असते त्या चित्रपटाची वाट पाहत नाहीत. दोन-तीन प्रणयदृश्ये आहेत, हा दुसरा, आणि तो खरा आहे. लहान मुलांना आणू नये असे आमंत्रणपत्रिकेवर स्पष्ट छापावे. चित्रपट इंग्रजीत आहे, हा तिसरा. सुरुवातीला दहा मिनिटे मराठीतून कथा आणि युगांडाची पार्श्वभूमी सांगितली तर पुढे भाषेची अडचण फारशी येत नाही, कारण मोटेलातल्या त्या बैठकी, पूजा, मांडव आणि टोमणे आपल्याला भाषेशिवायही कळतात. मात्र चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. भारतीय मोटेलवाले काही ठिकाणी निव्वळ विनोदासाठी रंगवले आहेत. डेमेट्रियसच्या घरच्यांना जयच्या घरच्यांइतकी खोली मिळालेली नाही. आणि ओकेलोचे पुढे काय झाले हे जयला कळते तो प्रसंग इतका घाईत उरकला आहे, की पहिल्यांदा पाहताना त्याचे वजन लक्षातच येत नाही. जप्त घराच्या खटल्याच्या निमित्ताने कंपालाला परतलेला जय मित्राचा शोध घेतो आणि तो केव्हाच मेलेला आहे, १९७२ सालीच मेलेला आहे, हे त्याला समजते. अठरा वर्षे ज्याच्यावर राग धरला तो माणूस तो राग ऐकायला उरलेलाच नव्हता. माझ्या मते सबंध चित्रपट या एका मिनिटासाठी पाहावा, आणि चर्चेत हा प्रसंग मुद्दाम काढावा.

पालकांची भीती खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. मुलीला सासरी त्रास झाला तर मध्यस्थी कोण करणार, ही विचारणा मी टेबलावर नेहमी ऐकते, आणि ओळखीच्या नात्यांत दाद मागायला चार माणसे असतात हे खरेच आहे. चित्रपटातही मीनाच्या पाठीशी शेवटी कोणी उभे राहत नाही. ती डेमेट्रियसबरोबर व्हॅनमध्ये बसून गाव सोडते आणि आईवडिलांना फोनवरून कळवते. पण त्या चार माणसांनी पाठीशी उभे राहण्यासाठी जातीची अट घालायची की नाही, हे ठरवणे आपल्या हातात आहे. समाजाच्या कार्यकारिणीने ठरवले तर आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीच्या सासरीही तीच माणसे मध्यस्थीला जाऊ शकतात.

तेव्हा माझ्या मागण्या नेमक्या सांगते. एक, वर सांगितल्याप्रमाणे चित्रपटाचा खेळ ठेवावा; सार्वजनिक प्रदर्शनासाठी हक्कधारकांची रीतसर परवानगी घ्यावी, कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून दाखवू नये. चित्रपटाची लांबी दोन तासांच्या आत आहे, त्यामुळे चहा आणि चर्चा धरून रात्री दहापर्यंत सभागृह मोकळे होईल. शक्य असल्यास दसरा चौकातल्या बोर्डिंगांनी एकत्र येऊन एकच खेळ शाहू स्मारक भवनात ठेवावा, म्हणजे वेगवेगळ्या समाजांचे पालक एकाच अंधारात बसतील. दुसरी मागणी फॉर्मची. या वर्षीचा फॉर्म छापायला जाण्यापूर्वी त्यातून रंगाचा रकाना काढावा, आणि पोटजातीच्या रकान्यापुढे ‘ऐच्छिक’ असे छापावे. मेळाव्याचे स्वरूप याहून बदला असे मी आज म्हणत नाही.

छापखान्याकडे मजकूर साधारण दिवाळीनंतर लगेच जातो. त्याआधीच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावे आणि होकार असो वा नकार, निर्णय लेखी कळवावा. होकार असल्यास सुरुवातीच्या दहा मिनिटांचे निवेदन लिहून देण्याची आणि करण्याची माझी तयारी आहे. नकार असल्यास कारण लिहावे, म्हणजे ते इतर सभासदांपुढेही ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मेळाव्याच्या नोंदणी-टेबलावरील एक सभासद
कोल्हापूर